पंचांग पाहून लावायचं पीक

औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ ही दोन ज्योतिर्लिंगं परभणी जिल्ह्याच्या दोन टोकांना, हद्दीच्या जरा बाहेर आहेत. औंढा उत्तरेला हिंगोली जिल्ह्यात, परळी दक्षिणेला बीडमध्ये. 1 मे 1999 ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला, तोवर औंढाही परभणीतच होतं. या दोन देवांना जोडणारा रस्ता जिंतूर, बोरी, झरी, परभणी, पोखर्णी, दैठणा, गंगाखेड असा सगळा जिल्हा उभा कापत जातो. यंदा, म्हणजे 2026 च्या जानेवारीअखेर, या रस्त्याने निघालो ते परभणीची फुलशेती पाहायला.

परभणी म्हटलं की कापूस, सोयाबीन आणि ज्वारी आठवते. फुलशेतीचं नाव निघालं की लोक पुणे, सातारा, नाशिककडे बोट दाखवतात. तरी परभणीच्या गावांत दहा-वीस गुंठ्यांचे फुलांचे तुकडे आहेत आणि त्यांवर घरखर्च भागतो, असं ऐकलं होतं. तो कसा भागतो, हे समजून घ्यायचं होतं.

औंढ्याचं देऊळ यादवकाळातलं. खालचा कोरीव दगड जुना, वरचं पांढरं बांधकाम नंतरच्या जीर्णोद्धारातलं. गाभारा जमिनीखाली, तिथे वाकूनच उतरावं लागतं. नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर इथेच भेटले, अशी परंपरा आहे. नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे जायला सांगितलं तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही कथा दारातले फुलवालेसुद्धा सांगतात. महाशिवरात्र 15 फेब्रुवारीला होती, त्यामुळे गर्दी अजून भरायची होती. दुकानांच्या फळ्यांवर बेल, धोतऱ्याची फुलं, झेंडू, शेवंती आणि पिवळ्या-तांबड्या रंगाचा गलांडा मांडला होता.

एका मावशींना विचारलं, फुलं कुठून येतात? "जिंतूरकडून येत्यात, परभणीहून येत्यात. जवळच्या गावची माणसं दुचाकीवर आणून देत्यात," त्या म्हणाल्या. त्यांची बोटं मात्र द्रोण भरत होती. एका द्रोणात बेलाची पानं, दोन झेंडू, एक शेवंती, एक गलांडा. मूठभर फुलांचा द्रोण दहा रुपयांना. शेतकऱ्याकडून त्या घेतात किलोनं आणि भाविकाला विकतात नगावर. फुलाच्या धंद्यातली खरी कमाई या वजन आणि नग यांच्या मधल्या फटीत आहे, हे पहिल्याच मुक्कामी लक्षात आलं. पुढे सगळ्या रस्त्याभर मी शेतात उभा राहून तीच फट शोधत राहिलो.

औंढा सोडलं की रस्ता चढउतार घेतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे जिंतूर तालुक्यात उतरले आहेत. जमीन हलकी, मुरमाड, जागोजागी उघडे दगड. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या टेकडीत जैन गुंफा आहेत आणि तिथली पार्श्वनाथांची भव्य मूर्ती जमिनीला जेमतेम टेकल्यासारखी दिसते. ती पाहायला देशभरातून जैन भाविक येतात. तालुक्यातच पूर्णा नदीवर येलदरीचं मोठं धरण आहे. ते 1960 च्या दशकात पुरं झालं, त्यावर वीजही निघते. पण त्याचं पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जातं आणि तिथून कालव्यांनी वसमत, परभणी, पूर्णेच्या शिवारात पोचतं. धरणाच्या आसपासचे माळ कोरडवाहूच राहिले. धरणाशेजारी राहून पावसाकडे डोळे लावणारी गावं मराठवाड्याला नवी नाहीत.

शिवारात पऱ्हाट्या उभ्या होत्या, त्यांवर शेवटच्या वेचणीचा फुटलेला कापूस. तूर निघालेली, हरभऱ्याला घाटे लागलेले, ज्वारी कणसात, करडईचे काटे पिवळे पडू लागलेले. फुलं कुठे दिसेनात. मैलभर पसरलेले रंगीत पट्टे डोक्यात घेऊन जाणाऱ्याला परभणीत फुलशेती दिसणारच नाही. ती शोधावी लागते आणि शोधायची खूण एकच, विहीर. विहिरीच्या कडेला, मोटारीच्या पेटीपासून हाकेच्या अंतरावर, बहुधा रस्त्यालगत, वावराचा एक कोपरा अचानक पिवळा होतो. बाकीच्या वावरात जे असेल ते असो. विहिरीला उन्हाळ्यापर्यंत जेवढं पाणी टिकेल तेवढीच फुलं, असा हा साधा हिशेब आहे.

जिंतूरच्या हलक्या रानात या कोपऱ्यांवर गलांड्याचं राज्य आहे. गॅलार्डिया हे त्याचं शास्त्रीय नाव. मूळ उत्तर अमेरिकेतल्या कोरड्या माळांचं हे झाड हलकी जमीन आणि कमी पाणी सोसतं आणि एकदा फुलायला लागलं की काही महिने थांबत नाही. बाजारात त्याला मान नाही. गुलाबाचा, शेवंतीचा रुबाब त्याच्याकडे नाही, हारात तो भरतीला असतो. पण झेंडू महाग झाला की हारवाले गलांड्याकडेच वळतात. तोडणाऱ्या एका भाऊंना विचारलं, झेंडू का लावत नाही? "झेंडूला पाणी लागतंय, औषध लागतंय. ह्याला काहीच लागंना. म्हणून मिळतंय बी तसंच," ते हसून म्हणाले. त्यांच्या सहा एकरांत फुलं होती जेमतेम आठ गुंठ्यांवर. स्वतःला ते फुलांचे शेतकरी म्हणवत नाहीत. पुढे भेटलेल्या कुणीच म्हणवलं नाही.

जिंतूर-परभणी रस्त्यावर बोरी मागे पडली की माळ सपाट होतो आणि झरीच्या आसपास काळी, खोल जमीन सुरू होते. ही दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन बनलेली कापसाची जमीन. पावसाळ्यात पाय रुततो, उन्हाळ्यात भेगेत हात जातो. कापसाला ती मानवते, पण झेंडूच्या मुळांना पाणी साचलेलं सोसत नाही. म्हणून इथे गादीवाफे करतात, त्यांवर ठिबकच्या नळ्या अंथरतात, काहीजण मल्चिंगचा कागदही टाकतात. अशाच एका दहा-बारा गुंठ्यांच्या तुकड्यात सकाळी चार बायका फुलं तोडत होत्या. सासू, सून आणि शेजारच्या दोघी. दव ओसरायच्या आत तोडलेलं फूल टिकतं, म्हणून काम उजाडतानाच सुरू होतं. हातांचा वेग असा की माझी नजर मागे पडत होती.

"कापूस वरसातून एकदा पैसा दावतो, दादा. ही फुलं चौथ्या दिवशी दावत्यात," सून म्हणाली. सासूबाईंनी त्याला पुस्ती जोडली. घरी दुभती म्हैस बांधली की जसा रोज थोडा थोडा पैसा येतो, तसं हे. चारा-पाणी चुकलं की दूध आटतं, तसं पाणी चुकलं की फूल आटतं. कापसाचा, सोयाबीनचा पैसा आला की तो कर्जाला, खताला, लग्नाला जातो आणि त्याचा हिशेब घरातले पुरुष ठेवतात. किराणा, शाळेची फी, दवाखाना, पाहुणा-रावळा हे सगळं चौथ्या दिवसाच्या पैशावर चालतं आणि तो पैसा या घरात तरी सुनेच्या डब्यात पडत होता. मला सर्वांत नवल वाटलं ते याचं. घर तेच, जमीन तीच, पण पैसा थेंबाथेंबाने येतो म्हणून त्याचा मालक बदलतो.

आकडे मांडून पाहू. चांगली निगा राखली तर आफ्रिकन झेंडूचं हेक्टरी उत्पादन 15 टनांच्या आसपास धरतात. हेक्टर म्हणजे जवळजवळ 100 गुंठे, तेव्हा 10 गुंठ्यांत दीड टन. किलोला 20 रुपये मिळाले तर 30 हजार, 60 मिळाले तर 90 हजार. भाव 5 रुपयांवर आला तर तोडणी आणि गाडीभाडंसुद्धा निघत नाही. त्याच 10 गुंठ्यांत सोयाबीन घेतलं आणि एकरी आठ क्विंटल पिकलं तर दोन क्विंटल होईल. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये, म्हणजे पुरते 11 हजारही नाहीत. झेंडूचा खर्च अर्थात जास्त. साठ बाय पंचेचाळीस सेंटिमीटरवर लावायचा तर 10 गुंठ्यांना पावणेचार हजारांच्या आसपास रोपं लागतात. शिवाय खत, फवारणी, तोडणीची मजुरी. पण तोडणीचे हात घरचे असले तर मोठा खर्च घरातच राहतो. फुलशेतीचं परभणीतलं गणित याच एका अटीवर उभं आहे.

झरीच्या त्या घराच्या ओसरीवर भिंतीला कालनिर्णय टांगलेलं होतं आणि त्याच्या ऑक्टोबरच्या पानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. मराठवाड्यातला शेतकरी पेरणी मृगाकडे बघून करतो. फुलांचा शेतकरी मात्र आधी दसरा कधी आहे ते बघतो आणि तिथून मागे मोजत येतो. झेंडूचं बी टाकल्यापासून रोप तयार व्हायला पंचवीस-तीस दिवस, लावणीनंतर फूल लागायला साठ दिवसांच्या आसपास. खंडेनवमीला अवजारं, गाड्या, ट्रॅक्टर यांना हार लागतात, दसऱ्याला प्रत्येक दाराला तोरण लागतं आणि वीसेक दिवसांनी लक्ष्मीपूजन येतं. वर्षातला मोठा भाव या एवढ्या काळात मिळतो. तो गाठायचा तर तोडा दसऱ्याच्या आठवडाभर आधी सुरू व्हायला हवा.

अडचण अशी की दसरा तारखेला बांधलेला नाही. 2023 मध्ये तो 24 ऑक्टोबरला होता, 2024 मध्ये 12 ला, 2025 मध्ये 2 ला. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, म्हणून दसरा पुन्हा 20 ऑक्टोबरवर गेला आहे. गेल्या वर्षी जुलैच्या मध्यावर ज्यांनी लावण केली ती बरोबर बसली होती. तीच तारीख यंदा धरली तर पहिला बहर दसऱ्याआधीच उतरणीला लागेल. म्हणून यंदाची लावण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यावर ढकलायची, असं ओसरीवर ठरलेलं होतं. अधिक महिन्याचा दुसराही फटका आहे. 17 मे ते 15 जून लग्नं नाहीत, तेव्हा उन्हाळी झेंडू मेच्या मध्याआधी संपेल असाच लावायला हवा. पावसाचा अंदाज, बाजाराचा अंदाज आणि पंचांग, तिन्ही एकत्र वाचायला लावणारं दुसरं पीक मला तरी माहीत नाही.

पंचांग बरोबर वाचूनही सगळं साधतंच असं नाही. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली. गोदावरी आणि तिला मिळणाऱ्या नद्या पात्राबाहेर आल्या, सोयाबीन पाण्यात उभं राहिलं आणि ऐन दसऱ्याच्या तोंडावर झेंडूचे वाफे सडले. पावसात भिजलेलं फूल वजनाला भरतं पण क्रेटमध्ये काळं पडतं, व्यापारी त्याला पाणी लागलेला माल म्हणतो आणि भाव पाडतो. ज्यांची झाडं गादीवाफ्यावर, निचऱ्याच्या जागी होती त्यांची फुलं वाचली आणि त्यांना भाव चांगला मिळाला. शेजारच्याचं गेलं म्हणून आपलं विकलं, हे सांगताना त्या घरातल्या कुणाच्या तोंडावर आनंद नव्हता.

झरीहून परभणी शहर जवळच. प्रभावती देवीवरून प्रभावतीनगर हे या शहराचं जुनं नाव सांगतात. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. गोदावरी खोऱ्यातून मनमाडला सिकंदराबादशी जोडणारा लोहमार्ग 1900 च्या सुमारास सुरू झाला आणि परभणीचा कापूस बाहेर पडू लागला. त्याच मार्गामुळे परभणीचा संबंध आजही पुण्याइतकाच नांदेड-हैदराबादशी आहे. फुलांच्या बाजारालाही हे लागू पडतं. दसऱ्याच्या आदल्या दिवसांत तेलंगणात बतुकम्माचा सण असतो. बायका फुलांच्या उतरंडी रचून त्यांभोवती फेर धरतात. त्यात झेंडू लागतो आणि त्या वेळी तिकडचा ओढा नांदेडपासून हैदराबादच्या गुडीमलकापूरच्या मोठ्या फूलबाजारापर्यंत जाणवतो.

परभणीचा फूलबाजार सकाळीच उरकतो. गोण्या, क्रेट आणि ओल्या फडक्यात बांधलेली गाठोडी येतात, आडत्या मूठभर फुलं उचलून नाकाशी नेतो, देठ दाबून पाहतो आणि भाव बोलतो. तोलाई, हमाली, आडत वजा करून शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. भाजीला संध्याकाळपर्यंत दम असतो, फुलाला तेवढाही नसतो. परत न्यायचं तर घरी त्याचा काही उपयोग नाही. म्हणून शेतकरी पडेल त्या भावाला देतो. शीतगृह नाही, मोठा प्रक्रिया करणारा खरेदीदार नाही. कर्नाटक-तमिळनाडूत झेंडूच्या पाकळ्यांतून ल्युटिन हा रंगद्रव्याचा अर्क काढतात, तो कोंबड्यांच्या खाद्यात आणि औषधांत जातो. परभणीचा झेंडू मात्र देवाच्या आणि दाराच्या वाटेनेच जातो.

हा झेंडू आपल्या देवघरात इतका रुळला आहे की तो परका आहे, हे सांगितलं तर बाजारात कुणी विश्वास ठेवला नाही. त्याचं मूळ मेक्सिकोत. स्पेन आणि पोर्तुगालच्या जहाजांतून सोळाव्या शतकानंतर तो जगभर पसरला. मेक्सिकोत 1 आणि 2 नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणाचा सण असतो. तेव्हा घरोघरी आणि थडग्यांवर याच फुलांच्या राशी घालतात. आपल्या दिवाळीच्या आसपासच तिकडेही झेंडूची बाजारपेठ भरते. दोन खंड एकाच फुलाला एकाच ऋतूत विकत घेतात, फक्त देव वेगळे.

शहराला लागून कृषी विद्यापीठाचं विस्तीर्ण शिवार आहे. इथलं कृषी महाविद्यालय 1956 चं, विद्यापीठ 18 मे 1972 चं. 2013 पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. भेंडीची परभणी क्रांती आणि ज्वारीची परभणी मोती ही वाणं इथलीच. कीडशास्त्राच्या सल्ल्यात झेंडू फुलासाठी नव्हे, सापळा म्हणून येतो. टोमॅटोच्या, कापसाच्या कडेला झेंडूची ओळ लावली की घाटेअळीचा पतंग झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालतो आणि मुख्य पीक वाचतं. झेंडूची मुळं जमिनीतल्या सूत्रकृमींनाही आवर घालतात. झरीच्या त्या सासूबाई झेंडूनंतर त्याच वाफ्यात वांगी, टोमॅटो घेतात. कारण विचारलं तर म्हणाल्या, "त्या जागी भाजी चांगली येती." शास्त्राने ज्याला नाव दिलं ते त्यांच्या हाताला आधीच ठाऊक होतं.

परभणीत फुलांना देवळांइतकंच मोठं गिऱ्हाईक दर्ग्याचं आहे. हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस दर वर्षी 2 फेब्रुवारीपासून भरतो आणि मराठवाड्यातल्या मोठ्या यात्रांत त्याची गणती होते. मी पोचलो तेव्हा तयारी सुरू होती. उरुसाला चादरीसोबत गुलाबाच्या पाकळ्यांच्या टोपल्या जातात. चादर चढवायला येणाऱ्यांत हिंदूही बरोबरीने असतात. गुलाब लावणारा माळी, हार गुंफणारा फुलारी आणि टोपली विकणारा मुसलमान बागवान अशी ही साखळी आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की संक्रांतीनंतर थंड पडणारा बाजार फेब्रुवारीत उरुसाने आणि लगेच महाशिवरात्रीने पुन्हा उठतो. थंडीत गुलाब, शेवंती ताजी राहते, पण परभणीची थंडी साधी नाही. मराठवाड्यातला नीचांकी पारा बहुधा इथेच नोंदला जातो आणि मेमध्ये तोच 45 अंशांच्या घरात जातो. शेवंतीला दिवस लहान आणि रात्र मोठी झाल्याशिवाय कळी धरत नाही, म्हणून ती थंडीचीच. उन्हाळ्यात टिकतात ती मोगऱ्याची आणि निशिगंधाची माणसं, ज्यांच्या विहिरीला मेपर्यंत पाणी आहे.

परभणीहून गंगाखेडकडे निघालं की पोखर्णी लागते. इथलं नृसिंहाचं देवस्थान जिल्हाभर प्रसिद्ध आहे, रेल्वे स्थानकाचं नावसुद्धा पोखर्णी नृसिंह. पुढे दैठणा. आषाढीला जाणारी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी याच वाटेने परभणी, दैठणा, गंगाखेड, परळी करत पंढरपूरला जाते. पालखीच्या स्वागताला गावं कमानी उभारतात, रस्ता फुलांनी सारवतात. आषाढात फूल महाग असतं, कारण जुना झेंडू संपलेला आणि नवा अजून रोपात. तेवढ्यासाठी पाणी राखून ठेवणारी माणसं या वाटेवर भेटली.

याच भागात एका घरी ती फट बुजवलेली पाहिली, जी औंढ्यापासून शोधत होतो. पंधरा गुंठ्यांत झेंडू, बिजली, थोडी शेवंती. पण यातलं फूल गोणीत भरून बाजारात फारसं जात नव्हतं. दुपारी घरातल्या तिघी आणि कॉलेजातला मुलगा ओसरीवर बसून हार ओवत होते. शनिवार हा नृसिंहाचा वार, त्या दिवशी हार देवळाकडे. एरवी लग्नघरं, सत्काराचे कार्यक्रम, नव्या गाडीची पूजा, दुकानांचे रोजचे हार. मुलगा मोबाइलवर मागण्या घेतो आणि कॉलेजला जाताना पोचवतो. ज्या दिवशी बाजारात झेंडू पडेल भावाने जातो त्या दिवशीही हाराचा भाव उतरत नाही. "किलोनं इकलं की आडत्या भाव करतो. हार इकला की आम्ही करतो," त्या घरच्या काकू म्हणाल्या. धागा, सुई आणि घरातले रिकामे तास एवढंच भांडवल वाढलं होतं. फुलारी आणि गुरवांची घरं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली. फरक एवढाच की आता ओवणारा आणि पिकवणारा एकाच छपराखाली आहे.

उलट चित्रही इथेच ऐकलं. एका दसऱ्याला शेजारच्याला चांगला भाव मिळाला म्हणून पुढच्या वर्षी एकाने दोन एकर झेंडू लावला. सगळ्या गावानेच लावला होता. तोडायला माणसं मिळेनात, बाजारात आवक इतकी की उठाव नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने उभ्या फुलांवर रोटाव्हेटर फिरवला. दसऱ्यानंतर रस्त्याच्या कडेला ओतून दिलेल्या झेंडूचे ढीग आपण सगळेच पाहतो. 2020 चा अनुभव त्याहून कडू. कोरोनामुळे मार्चपासून देवळं बंद, मोठी लग्नं बंद, दसराही तसाच गेला. मंदिरं उघडली ती दिवाळी पाडव्याला, 16 नोव्हेंबरला. गहू कोठारात ठेवता येतो, फुलाला कोठार नसतं. त्यात आता प्लास्टिकची फुलं दारोदार आली. एकदा विकत घेतलेलं तोरण चार वर्षं टिकतं. त्यांच्यावर बंदी घाला ही फूल उत्पादकांची मागणी विधिमंडळापर्यंत पोचली आहे. पण बंदीपेक्षा मोठा निर्णय गिऱ्हाईकाच्या हातात असतो.

गंगाखेडच्या अलीकडे गोदावरी ओलांडावी लागते. पात्र रुंद, थंडीत संथ. परभणी जिल्ह्यात ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, डिग्रस असे बंधारे गोदावरीवर झाले आणि काठच्या विहिरींना त्यांचा आधार मिळाला. गाळाच्या या जमिनीत निशिगंधाचे तुकडे दिसतात. एकदा कंद लावला की तीनेक वर्षं फुलं देतो, संध्याकाळी आणि पहाटे वास पसरतो, सुट्या फुलांचे हार-वेण्या होतात. पण पूर आला की पहिल्यांदा जातो तो हाच काठ. सप्टेंबरच्या पुराच्या खुणा बांधांवर अजून होत्या.

गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. इथे जन्मून त्या पंढरपूरला नामदेवांच्या घरी राहिल्या, दळण-कांडण करत अभंग रचले. औंढ्याला नामदेव-विसोबांची आठवण घेऊन निघालेला रस्ता इथे जनाबाईंपाशी पोचतो, हा योग मला आवडला. गावाला दक्षिण काशी म्हणतात. घाटावर दशक्रिया, अस्थिविसर्जन, स्नानं असतात, त्यामुळे फुलांना बारमाही गिऱ्हाईक आहे. त्याचा दुसरा भाग म्हणजे निर्माल्य. काठाला हारांचे गुंते, त्यांत प्लास्टिकच्या पिशव्या आणि नायलॉनचे दोरे. सुती धाग्यात ओवलेला हार कुजून खत होतो, नायलॉनचा होत नाही. ज्या फुलावर एक घर जगतं तेच नदीच्या गळ्याशी येऊ नये, एवढी काळजी ओवणाऱ्याने आणि वाहणाऱ्याने दोघांनी घ्यायला हवी.

तिथून परळी अर्ध्या-पाऊण तासावर. वैजनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. देवळाच्या वाटेवरही फुलांच्या फळ्या होत्या आणि द्रोणांत तीच फुलं. गंगाखेडच्या काठावरून आलेला निशिगंध मी ओळखला.

प्रवासाअंती मत बनलं ते असं. परभणीच्या शेतकऱ्याला फुलशेती श्रीमंत करणार नाही आणि कापूस-सोयाबीनची जागाही ती घेऊ शकणार नाही. पण दर चौथ्या दिवशी घरात येणारा पैसा हा सावकाराच्या दारापासून लांब ठेवणारा पैसा आहे आणि कोरडवाहू मुलखात त्याची किंमत हेक्टरी उत्पन्नाच्या तक्त्यात मावत नाही. रोजगार हमी योजनेच्या फळबाग लागवडीत गुलाब, मोगरा, निशिगंध, सोनचाफा ही फुलझाडंही बसतात, त्याची चौकशी कृषी कार्यालयात करावी. ज्यांना झेंडूपासून सुरुवात करायची आहे त्यांनी चार गोष्टी आधी पाहाव्यात: विहिरीला पाणी, निचऱ्याची जमीन, तोडायला घरचे हात आणि सकाळी गाठता येईल असा बाजार. चारही असतील तर 10 गुंठे लावा आणि त्यातली निम्मी फुलं तरी ओवून विका. शेजाऱ्याचा भाव पाहून दोन एकर लावू नका. यंदाचा दसरा 20 ऑक्टोबरला आहे, लावण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हवी.